पॉलिसी पुण्याला न्यायची म्हणून

आमची आरोग्य विम्याची पॉलिसी बारा वर्षं जुनी. झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो, तेव्हा तिथे येणाऱ्या एका एजंटाकडून घेतलेली. दर वर्षी जून उजाडला की त्याचा फोन यायचा, "अंकलजी, रिन्युअल." मी हप्ता भरायचो आणि पावती फाईलला लावायचो. एकदा माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती कामी आली. एरवी फाईल कपाटात पडून असायची आणि आम्हाला तिची आठवणही नसायची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं एकाच वेळी तापानं आडवे झालो. चार दिवस शेजारच्या भाभीजींनी खिचडी पोचवली. ते मुलीला कळलं आणि तिनं पुण्याहून रोज फोन करायचा सपाटा लावला. "बाबा, आता बस झालं. इकडे या. माझ्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर फ्लॅट रिकामा होतोय." मी वर्षभर टाळत आलो होतो. आम्ही मराठी खरे, पण आमच्या घराण्यात कितीतरी पिढ्यांत कुणी महाराष्ट्रात राहायला गेलेलं नाही. तिकडे लग्नाला जायचं, देवदर्शन करायचं आणि परत यायचं. पण त्या तापानंतर मी हो म्हटलं. जूनअखेर जायचं ठरलं.

ठरल्यापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. उभा जन्म स्टोअरमध्ये गेला. प्रत्येक वस्तूला रॅक, प्रत्येक रॅकला नंबर, ही सवय. आता घरभर खोकी पसरली होती आणि कुठल्या खोक्यात काय जाईल ते ठरत नव्हतं. मी एक खोकं भरायचो, दुपारी ते रिकामं करायचो. बायको म्हणायची, "अहो, जरा बसा." मी बसायचो आणि पाच मिनिटांत उठायचो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी झाशीतल्या दतिया गेटला एजंटाच्या ऑफिसात गेलो. मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, भिंतीवर पंखा. पत्ता बदलायचा एवढंच काम आहे, अशी माझी समजूत. त्यानं कॉम्प्युटरवर ही पॉलिसी चालणाऱ्या हॉस्पिटलांची यादी काढली. झाशी, ग्वाल्हेर, कानपूर इकडे भरपूर नावं. पुण्यात मोजकीच, आणि मुलीच्या घराजवळ तर एकही नाही.

"अंकलजी, ये कंपनी उधर कमज़ोर है," तो म्हणाला. "आप दूसरी में पोर्ट करा लीजिए."

पोर्ट म्हणजे काय ते त्यानं समजावलं. कंपनी बदलायची, पण जुन्या पॉलिसीची वर्षं सोबत न्यायची. नाहीतर नवीन कंपनीत जुन्या आजारांसाठी पुन्हा सुरुवातीपासून थांबावं लागतं. अट एकच, जुनी पॉलिसी संपायच्या दीड महिना आधी अर्ज जायला हवा. म्हणजे एप्रिल संपायच्या आत.

"और नई कंपनी मना कर दे तो?"

"कर सकती है. पर आप लोगों को हुआ क्या है? आपका बीपी, एक हर्निया. आंटीजी तो एकदम फिट हैं."

मीही मान हलवली. माझी बायको खरंच धडधाकट. तिला मी कधी दोन दिवसांहून जास्त अंथरुणात पाहिलेलं नव्हतं, त्या तापाचे दिवस सोडले तर.

अर्ज ऑनलाइन होता. रविवारी सकाळी मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. फोन साखरेच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं जेवणाच्या टेबलापाशी बसलो. मुलगी तिकडे एकेक प्रश्न वाचायची आणि आमचं उत्तर ऐकून भरायची. उंची, वजन, तंबाखू, दारू. माझा बीपी, माझं ऑपरेशन, त्याचा महिना आणि साल. मग आईची पाळी आली.

"आई, शुगर नाही. बीपी नाही. थायरॉइड नाही. पूर्वी कधी ऑपरेशन, बायॉप्सी, गाठ वगैरे, नाही..." ती पुढच्या प्रश्नाकडे वळलीसुद्धा होती.

"थांब," बायको म्हणाली. "तिथे हो लिही."

मुलीला वाटलं, आईला ऐकू आलं नाही. तिनं प्रश्न पुन्हा हिंदीत समजावून सांगितला.

"कळला मला प्रश्न. नऊ वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली होती. डाव्या बाजूची. ग्वाल्हेरला. तपासली, साधी निघाली. हो लिही."

मुलीनं फोन चेहऱ्याजवळ ओढला. मग तिनं विचारलं, "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या बाबांनासुद्धा नव्हतं सांगितलं."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. माझ्या हातात चष्म्याचं घर होतं, ते मी उघडत आणि मिटत होतो, एवढं आठवतं. मुलगी म्हणाली की उरलेला फॉर्म नंतर भरू, आणि तिनं फोन ठेवला. ती रडत असावी. बायकोनं साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला आणि पोळ्यांची कणीक मळायला घेतली.

मी तिथून उठलो. कूलरमध्ये पाणी भरलं, ते भरलेलंच होतं. मग पिशवी घेऊन भर उन्हात बाहेर पडलो. दतिया गेटच्या बाजारातून फिरलो, गल्लीतून गल्लीत गेलो, ओळखीच्या लोकांना "राम राम" केला आणि तासाभरानं दोन किलो कांदे घेऊन परतलो. घरात कांदे होते. निघायला दोन महिने उरले असताना आम्ही सामान संपवत होतो.

पुढचे दोन दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो. माझ्या डोक्यात मात्र एकसारखं चालू होतं. नऊ वर्षांपूर्वी म्हणजे कधी? ती ग्वाल्हेरला कधी गेली? मग आठवलं की त्या वर्षी ती दहा दिवस गुरसरायला तिच्या बहिणीकडे राहिली होती. अक्काचा पाय मुरगळलाय, असं सांगून गेली होती. परत आली तेव्हा डाव्या काखेजवळ पट्टी होती. गळू झालं होतं, कापलं, असं ती म्हणाली होती आणि मी "बरं" म्हटलं होतं. एवढंच. पट्टी बघितली, "बरं" म्हटलं आणि कारखान्याची बस पकडली.

तिसऱ्या दिवशी एजंट स्वतः घरी आला. मुलीनं त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. तो पाणी प्यायला आणि हलक्या आवाजात बोलला.

"अंकलजी, नौ साल पुरानी बात है. गाँठ सादी थी. आपने क्लेम भी नहीं किया, कहीं रिकॉर्ड नहीं है. 'नो' लिख दीजिए. 'यस' लिखेंगे तो केस अटकेगा."

मी बायकोकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटलं होतं. हातातली मुदत संपत होती.

"नहीं भैया," ती म्हणाली, "यस ही लिखिए. एक बार छुपाया, बहुत हो गया."

"तो आंटीजी, फिर पुरानी रिपोर्ट लगेगी. गाँठ की जाँच वाली."

"वो मेरी दीदी के पास है. गुरसराय में."

तो गेल्यावर मी त्या विषयावर पहिल्यांदा बोललो. "क्लेम का नाही केलास? पॉलिसी होतीच की."

"केला असता तर मेसेज तुमच्या मोबाइलवर आला असता," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही गुरसरायला निघालो. दीड-दोन तासांचा रस्ता. बेतवाचा पूल ओलांडेपर्यंत ऊन तापलं होतं. बायको खिडकीशी बसून पदरानं चेहरा झाकून झोपली. मी सीटवर सरळ बसू शकत नव्हतो. कंडक्टरला दोनदा विचारलं, अजून किती. तो म्हणाला, "दद्दा, गाड़ी तो अपनी चाल से ही चलेगी."

अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. एकटी राहते. बाजारामागं दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा. आम्हाला बघताच तिनं कैरीचं पन्हं केलं. ती आमच्यापेक्षा जुनं मराठी बोलते. पुण्यात तिचं अर्धं बोलणं कुणाला कळायचं नाही, असं मुलगी नेहमी म्हणते. रिपोर्टचं काम सांगितल्यावर तिनं भिंतीतल्या फडताळातून पत्र्याचा डबा काढला. त्यात तिची पेन्शनची कागदं होती आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला रिपोर्ट.

मी तो वाचायला घेतला. इंग्रजी होतं, त्यातले निम्मे शब्द मला लागले नाहीत. शेवटी एक ओळ होती, कर्करोगाची चिन्हं नाहीत अशा अर्थाची. वर माझ्या बायकोचं नाव, वय आणि पुढं "सोबत आलेली व्यक्ती: बहीण."

बायको आत हातपाय धुवायला गेली होती. मी अक्काला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"भाऊजी, तुम्हीच सांगितलं होतं ना, सांगू नका म्हणून."

"मी? कधी?"

"दादांचं तेरावं झालं त्या दिवशी."

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमच्याचकडे होते. पोटाच्या कर्करोगानं गेले, त्याआधी पावणेदोन वर्षं अंथरुणात. त्यांचं सगळं मी केलं, म्हणजे मी आणि बायकोनं. कारखान्यातून आलो की त्यांच्याजवळ बसायचं, हॉस्पिटलच्या फेऱ्या, औषधं. ते गेले तेव्हा मी पार रिकामा झालो होतो, हे मला आठवत होतं. अक्का म्हणाली ते मात्र आठवत नव्हतं.

"पाहुणे उठले आणि तुम्ही ताटावरून उठून सगळ्यांदेखत म्हणालात, आता या घरात कुणाच्या दुखण्याचं नाव काढायचं नाही. मला सोसणार नाही. कुणी आजारी पडलं तर माझ्याकडे येऊ नका. तुम्ही रागात नव्हतात. शांतपणे म्हणालात, म्हणून आम्ही सगळे घाबरलो. पंधरा दिवसांनी हिला गाठ हाताला लागली. ती इकडे आली. मी म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणाली, आधी काय निघतं ते बघू. साधी निघाली तर सांगायचंच कशाला?"

"आणि वाईट निघाली असती तर?"

अक्कानं डबा बंद केला. "ते मी तिला विचारलं होतं. ती ग्वाल्हेरची पिशवी भरायला लागली. ग्वाल्हेरला रिपोर्टची वाट बघत आम्ही सहा दिवस एका धर्मशाळेत काढले. ती रोज तुम्हाला माझ्या पायाची खुशाली कळवत होती."

ते फोन मला आठवले. मी विचारायचो, "अक्का चालायला लागल्या का?" आणि ती सांगायची, आज जरा टेकून उभी राहिली, आज दोन पावलं टाकली.

बायको पदराला हात पुशीत बाहेर आली. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवरून तिला कळलंच. ती अक्काला म्हणाली, "सांगितलंस?"

"विचारलं त्यांनी."

जेवण झालं. वरण, रोटी, काकडीची कोशिंबीर. निघताना अक्कानं मला ओट्यावर थांबवलं आणि म्हणाली, "भाऊजी, तिकडे गेल्यावर तिला माझ्याकडे येता येणार नाही. तेवढं लक्षात असू द्या."

परतीच्या बसमध्ये मी बायकोला म्हटलं, "मी असं बोललो होतो ते मला खरंच आठवत नाही."

"माहीत आहे मला."

"मग एवढी वर्षं मनावर घेऊन बसलीस?"

"मनावर कुठं घेतलं? तुम्ही दादांचं किती केलंत ते मी बघितलं होतं. तुमच्यात आणखी काही उरलं नव्हतं. मला ते दिसत होतं." मग ती म्हणाली, "पण त्या धर्मशाळेत मला तुमचा राग आला होता. फार आला होता. ते मात्र खरं."

मी तिचा हात धरला नाही. बस भरलेली होती आणि आम्ही तसे नाही. पण पिशवी तिच्या मांडीवर होती, ती मी माझ्याकडे घेतली.

रिपोर्ट मुलीला पाठवला, अर्ज मुदतीत गेला. आठवड्यानं नवीन कंपनीचा निरोप आला की ताजी तपासणी हवी. छातीची सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी, झाशीतल्याच एका लॅबमध्ये. त्या सकाळी मी बायकोच्या आधी तयार होऊन बसलो.

"तुम्ही कशाला? रिक्षानं जाऊन येते मी."

"मी येतोय."

"आत येऊ देत नाहीत पुरुषांना."

"बाहेर बसेन."

बाहेर बाकावर मी दीड तास बसलो. बसलो म्हणजे काय, सारखा उठत होतो. पाण्याच्या नळाशी, दारापर्यंत, पुन्हा बाकावर. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "अंकलजी, आराम से बैठिए, टाइम लगता है." माझ्या डोक्यात एकच येत होतं. नऊ वर्षांपूर्वी हे सगळं दुसऱ्या गावात अक्काच्या सोबतीनं झालं, आणि त्याच वेळी मी बिजौलीला नटबोल्टांची खोकी मोजत होतो. तेव्हा मला कसलीच चिंता नव्हती. ती स्वस्थता आता मला आठवली आणि तिचीच लाज वाटली.

ती बाहेर आली तेव्हा घामेजली होती. "दुखतं हो फार," ती म्हणाली. "दाबून धरतात." हे ती मला सांगते आहे, याचंच मला नवल वाटलं. मी म्हटलं, "उसाचा रस पिऊ या." आम्ही प्यायलो.

रिपोर्टला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी सगळी खोकी पुन्हा उघडून पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी लॅबमधून रिपोर्ट आणि फिल्म घेऊन बायकोसह थेट डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडावर धरली. जुन्या ऑपरेशनची खूण दिसते, बाकी काळजीचं काही नाही. दर वर्षी तपासणी करत राहा, एवढं त्या म्हणाल्या. बायको लगेच उठली. मी बसून राहिलो आणि डॉक्टरांना तेच पुन्हा विचारलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

आता कंपनीला हरकत घ्यायला जागा नाही, असं आम्ही धरून चाललो. मे महिना वाट बघण्यात गेला. मी दिवसातून चार-पाच वेळा फोनवर अर्जाची स्थिती बघायचो. "विचाराधीन." आंघोळीआधी विचाराधीन, जेवणानंतर विचाराधीन. मुलगी ओरडली, "बाबा, सारखं बघितल्यानं ते बदलणार आहे का?" मला कळत होतं, पण बोट तिकडे जायचंच.

महिनाअखेर मेल आला. माझा अर्ज मंजूर. बायकोचा नामंजूर. कारण दोन ओळींत होतं, पूर्वीचा वैद्यकीय इतिहास. आम्ही तिघांनी तो मेल तीन वेळा वाचला. एजंट म्हणाला, "मैंने कहा था." त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, त्याला वाईट वाटलं होतं. त्यानं मार्ग सुचवला. मी नवीन कंपनीत जावं, आंटीजींनी जुन्या पॉलिसीत एकटीनं राहावं. जुनी कंपनी तिला काढू शकत नाही, गाठ पॉलिसी घेतल्यानंतरची होती.

मुलगीही म्हणाली, "बाबा, निदान तुम्हाला तरी जवळची हॉस्पिटलं मिळतील."

मला राग आला. कंपनीचा आला, एजंटाचा आला, आणि बायकोचाही आला, हे लपवत नाही. 'नो' लिहिलं असतं तर आज दोघांचं काम झालं असतं. मी तसं बोलून दाखवलं.

बायको गव्हाचे दाणे निवडत होती. ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "आणि उद्या मला खरंच काही झालं असतं? तेव्हा त्यांनी जुना रिपोर्ट शोधून काढला असता आणि तुम्हाला हॉस्पिटलच्या दारात उभं करून खोटारडे म्हटलं असतं. दादांच्या वेळी एकेका सहीसाठी कसे फिरत होतात, आठवतं ना? मला ते पुन्हा नको होतं."

तिनं फॉर्मवर 'हो' का लिहायला लावलं, ते मला तेव्हा समजलं. ती इतक्या लांबचं बघत होती आणि मी मुदत बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दतिया गेटला गेलो आणि एजंटाला सांगितलं की आम्ही दोघंही जुन्याच पॉलिसीत राहणार. पत्ता पुण्याचा टाका. मंजूर झालेली जागा सोडतोय म्हणून त्यानं मला दोनदा समजावलं. मी म्हटलं, एकाला एका हॉस्पिटलात आणि दुसऱ्याला दुसऱ्यात, असं या वयात जमायचं नाही. घरी आल्यावर बायकोनंही मला वेड्यात काढलं. "माझ्यासाठी कशाला अडकताय?" मी पॉलिसीची फाईल खोक्यात घालून ते बंद केलं. त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी मी दुपारी तासभर झोपलो.

जूनच्या शेवटी आम्ही पुण्याला आलो. आमच्या पॉलिसीतलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल इथून बरंच लांब आहे. मुलीनं तिथवरचा रस्ता मला दोनदा गाडीनं दाखवून आणला. मी एकदा बसनंही जाऊन आलो, वेळ लावून बघितला.

बायको आता सगळं सांगते. गुडघा दुखला, सांगते. सकाळी उठल्यावर डोकं जड वाटलं, सांगते. परवा घशात खवखवतंय म्हणून तिनं तीनदा सांगितलं आणि मला कंटाळा आला. मी पेपर वाचत होतो. तो खाली ठेवला आणि विचारलं, "केव्हापासून?"